पाणी जिन्याखालून आलं

१ सप्टेंबर २०२१. ‘आयडा’ वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळत होता. सॉमरसेट काउंटीतलं आमचं घर नदीपासून लांब, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. सासूबाई बेसमेंटमधल्या खोलीत होत्या. मध्यरात्री त्यांनीच हाक मारली, “अगं, ती घरघर थांबलीय.” बेसमेंटच्या खड्ड्यात साचणारं पाणी बाहेर उपसणारा सम्प पंप बंद पडला होता. पहाटेपर्यंत खाली गुडघाभर पाणी चढलं. त्या रात्रीने शिकवलं ते असं :

१. पुराला नदी लागत नाही. त्या रात्री शेजारी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पाऊस झाला. एवढं पाणी गटारांत मावत नाही आणि डांबरात मुरत नाही. दारासमोरच्या जाळीवरचा पालापाचोळा मी आता पावसाआधीच काढते.

२. पंप विजेवर चालतो आणि वीज नेमकी वादळातच जाते. बॅटरीवर चालणारा जोडपंप बसवा. अधूनमधून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो चालतो का, ते बघा. पाणी सॉकेटपर्यंत चढलं असेल, तर त्यात पाय घालू नका.

३. फोनवरचा इशारा वाचा. संध्याकाळी तो वाजला, तेव्हा मी न वाचताच बंद केला होता. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत मोठ्याही वाहून जातात. त्या रात्री न्यू जर्सीत अनेकांचा जीव गाडीतच गेला. अंधारात पाण्याची खोली कळत नाही. गाडी मागे वळवा.

४. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत तो लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जातात, आणि बेसमेंटमधल्या सामानाला त्यातही फारसं काही मिळत नाही.

५. पुन्हा न मिळणाऱ्या वस्तू वर ठेवा. आजीच्या हातची गोधडी तळाच्या खोक्यात होती. भिजून इतकी जड झाली, की दोघांनी मिळून उचलली. चार वेळा धुतली. लाल दोऱ्याचे टाके टिकले, चिखलाचा वास मात्र अजून येतो.

६. पावसाळी रात्री बेसमेंटमध्ये कुणालाही झोपवू नका. त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये बेसमेंटमधल्या घरांत ११ जणांचा जीव गेला. सासूबाईंना गाढ झोप लागली असती तर, हा विचार आजही करवत नाही. आता जोराच्या पावसाचा अंदाज आला, की त्यांचं अंथरूण दिवसाउजेडीच वर येतं.