मोठे इंजिन आणि लहान ब्रेक

गतिज ऊर्जा समजावून देताना मी फोर्ड मस्टँग या अमेरिकन मोटारीचे उदाहरण घेतो. १९६५ च्या मस्टँगमध्ये २०० घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे, १२० अश्वशक्तीचे इंजिन मिळे. त्याच सांगाड्यात २८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिनही बसे. त्याची शक्ती किमान २०० अश्वशक्ती. साहजिकच सहा सिलिंडरांच्या जुन्या गाडीत व्ही-८ बसविण्याचा मोह तेथील हौशी मंडळींना होतो. इंजिन जागेवर बसतेही. परंतु कारखान्याने व्ही-८ गाडीत केवळ इंजिनच निराळे दिले नव्हते. पुढच्या स्प्रिंगा अधिक ताठ होत्या, पुढील ब्रेकचे ड्रम ९ ऐवजी १० इंचांचे, चाकाला चाराऐवजी पाच नट आणि मागचा आस अधिक भक्कम.

याचे कारण गणितात आहे. वेग ताशी ६० मैलांवरून ९० वर नेला तर तो दीडपट होतो. गतिज ऊर्जा मात्र सव्वादोनपट होते. गाडी थांबविताना ही ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्येच उष्णतारूपाने उतरते. लहान ड्रम फार तापले की पकड सुटू लागते. म्हणून माझ्या मते इंजिन बदलण्याचा हिशेब ब्रेकपासून मांडावा.