उचल दोनदा गेली, आता नियम कुठे लिहायचा?

प्रश्न : मी मोहगावचा. बीसीए करून गावातच राहिलो. संत्र्याचा माल भरणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठी पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये वेब अ‍ॅप लिहिलं आहे. बगीच्याचा सौदा, इसार, कास्तकारानं मधे घेतलेली उचल, तोडीचे कॅरेट, गाडी, शेवटचा हिशोब असं सगळं त्यात आहे. मागच्या आंबिया बहारात एका कास्तकाराला सौद्याच्या रकमेपेक्षा जास्त पैसे गेले. कॉम्प्युटरनं अडवलंच नाही. नागपूरचे माझे एक सिनियर म्हणतात, सगळं लॉजिक स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये टाक. पुण्यात कंपनीत असलेला मित्र म्हणतो, ते जुनं झालं, सगळं कोडमध्येच ठेव. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मोहगाव (जि. पांढुर्णा)

उत्तर : कोणाचं ऐकायचं ते नंतर ठरवू. आधी मागच्या आंबियात काय घडलं असेल ते पाहू, कारण या दोन सल्ल्यांपैकी कोणताही एकटा सल्ला ते थांबवू शकला नसता.

धरा, सौदा चार लाखांचा. तीन लाख साठ हजार देऊन झाले, चाळीस हजार बाकी. मालक बगीच्यात उभा आहे आणि कास्तकार तीस हजार मागतो. मालक मोबाइलवर बाकी बघतो : चाळीस हजार. त्याच वेळी कास्तकाराचा भाऊ शेडवर येऊन मुनिमाकडे तीस हजार मागतो. मुनीमही बघतो : चाळीस हजार. दोघांनाही ‘शिल्लक आहे’ असंच दिसतं आणि दोघंही नोंद करतात. गेले चार लाख वीस हजार. तुमच्या कोडमध्ये तपासणी होती, ती दोन्ही वेळा बरोबर चालली, तरी वीस हजार जास्त गेले. आधी वाचायचं, मग तपासायचं, मग लिहायचं, या तीन पायऱ्यांच्या मधल्या फटीतून दुसरा माणूस आत शिरला.

आता हीच तपासणी जशीच्या तशी उचलून स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये ठेवली, तर फट तिथेही राहील. सिनियर सांगतात त्यात ही गोष्ट सुटते. प्रोसिजर डेटाबेसच्या आत चालते म्हणून आपोआप एकेकटी चालत नाही. दोन जणांनी एकदम हाक मारली तर तीही दोनदा शेजारी-शेजारी चालते.

फट बुजवायला कुलूप लागतं. व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, सुरू केल्यावर सौद्याची ओळ ‘सिलेक्ट’च्या शेवटी ‘फॉर अपडेट’ लावून वाचा. मग मुनिमाची नोंद मालकाची नोंद पूर्ण होईपर्यंत थांबते आणि तिला चाळीस नव्हे, दहा हजार बाकी दिसतात. यात क्रम चुकवू नका. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये साधं ‘सिलेक्ट’ कुलूप लावत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये, व्यवहारातल्या पहिल्या साध्या वाचनाच्या क्षणी जे चित्र होतं तेच पुढच्या साध्या वाचनांना दिसत राहतं. म्हणून उचलींची बेरीज आधी केली आणि कुलूप मग लावलं, तर कुलूप मिळाल्यावर पुन्हा केलेली बेरीजही जुनीच येते. आधी कुलूप, मग बेरीज.

याहून सोपा रस्ताही आहे. सौद्याच्या ओळीतच ‘दिलेली रक्कम’ असा रकाना ठेवा आणि त्यावर चेक कन्स्ट्रेंट लावा, की दिलेली रक्कम ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त होणार नाही. उचल नोंदवताना ‘दिलेली रक्कम बरोबर दिलेली रक्कम अधिक तीस हजार’ असं एकच अपडेट चालवा. अपडेट त्या ओळीला स्वतःच कुलूप लावतं आणि मर्यादा ओलांडली की डेटाबेस नोंद नाकारतो. मात्र तुमची मायएसक्यूएल ८.०.१६ किंवा त्यानंतरची आहे का, ते पाहा. त्याआधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट निमूट वाचून घेत आणि सोडून देत. लिहिणाऱ्याला वाटे नियम लागला, प्रत्यक्षात काहीच लागलेलं नसे.

दुसरीही एक शक्यता आहे. शिवारात नेटवर्क अडखळतं, माणूस बटण दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. एकच उचल दोनदा नोंदली जाते. त्यावर ना प्रोसिजर चालते, ना कुलूप. फॉर्म उघडतानाच एक पावती क्रमांक तयार करा आणि त्या रकान्यावर युनिक की लावा. दुसऱ्यांदा आलेली तीच पावती डेटाबेस परत पाठवेल.

मग स्टोअर्ड प्रोसिजरचं काम काय? ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. वेब अ‍ॅपचं कोड सहसा डेटाबेसच्या बाहेर बसतं आणि एकेक निरोप पाठवतं : ही ओळ दे, ती ओळ बदल. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे असे अनेक निरोप एका नावाखाली बांधून डेटाबेसच्या आतच ठेवणं. बाहेरून फक्त ‘उचल नोंदव, सौदा अमुक, रक्कम तमुक’ एवढं सांगायचं. तिजोरीला लागून बसलेल्या मुनिमाला एक चिठ्ठी द्यावी आणि कुलूप, मोजणी, वहीतली नोंद त्यानंच करावी, तसं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वाटतं दारांच्या संख्येत आहे. तुमच्या तिजोरीला दारं किती? शेडवरच्या कॉम्प्युटरचं वेब पान हे एक, मालकाचा मोबाइल हे दुसरं. एक्सेलमधून जुन्या नोंदी चढवणारी तुमची स्क्रिप्ट तिसरं. आणि चौथं दार प्रत्येक छोट्या धंद्यात असतं, फक्त त्याचं नाव कोणी घेत नाही : हंगामाच्या गर्दीत कोणीतरी पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडतो आणि टेबलात हातानं आकडा बदलतो. तपासणी पीएचपीत असेल तर ती पहिल्या दारावर आहे. बाकीच्या तीन दारांवर ती पुन्हा लिहावी लागते, आणि तिथे ती हमखास विसरली जाते.

इथे प्रोसिजर उपयोगी पडते, आणि तेही अधिकारांच्या जोरावर. मायएसक्यूएलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर प्रोसिजर तिच्या निर्मात्याच्या अधिकारानं चालते. म्हणजे वेब अ‍ॅपच्या खात्याला उचलीच्या टेबलावर लिहिण्याचा हक्कच द्यायचा नाही, फक्त ‘उचल नोंदव’ ही प्रोसिजर चालवण्याचा द्यायचा. मुनिमाचं खातंही तसंच. मग ज्या दारानं या, वाट एकच. पोस्टग्रेसमध्ये हे उलट आहे. तिथे ती हाक मारणाऱ्याच्या अधिकारानं चालते, निर्मात्याचा अधिकार मुद्दाम सांगून द्यावा लागतो. पुढे कधी डेटाबेस बदललात तर हे लक्षात असू द्या.

तुमचे सिनियर कोणत्या काळातून बोलत आहेत तेही समजून घ्या. सायबेसनं १९८७ मध्ये आपल्या डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर आणली. ओरॅकलमध्ये ती १९९२ च्या सातव्या आवृत्तीत आली. तेव्हा ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवलेला प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलत असे, मधे वेब सर्व्हर नव्हता. सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम ठेवायला डेटाबेसशिवाय जागाच नव्हती. मायएसक्यूएलला प्रोसिजर मिळाली २००५ मध्ये, ५.० आवृत्तीत. तोवर मायएसक्यूएलवर वाढलेल्या वेब लिहिणाऱ्यांच्या एका पिढीला तिच्याशिवाय काम करायची सवय झाली होती. तुमचा पुण्याचा मित्र त्या वळणाचा. दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत.

सिनियर दोन कारणं हमखास देतील. एक, प्रोसिजर वेगवान असते. पूर्वी सर्व्हर प्रोसिजर कशी चालवायची याचा आराखडा आधीच तयार करून ठेवत आणि सुट्या निरोपांचा प्रत्येक वेळी नव्यानं करत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरनं ७.० पासून, म्हणजे १९९८ पासून, सुट्या निरोपांचे आराखडेही जपून ठेवायला सुरुवात केली आणि तो फरक बराचसा पुसला गेला. उरते ती फेऱ्यांची बचत. इथे तुमचा वेब सर्व्हर कुठे आहे ते पाहा. तो मुंबईतल्या क्लाउडवर डेटाबेसच्या शेजारीच असेल, तर त्यांच्यातली फेरी एखाद्या मिलिसेकंदाची. बारा फेऱ्या वाचवून कोणाला काही जाणवणार नाही. पण पीएचपी शेडवरच्या कॉम्प्युटरवर आणि डेटाबेस मुंबईत अशी मांडणी असेल आणि एका फेरीला चाळीस मिलिसेकंद लागत असतील, तर बारा फेऱ्यांना जवळजवळ अर्धा सेकंद. तिथे एका चिठ्ठीत काम उरकणारी प्रोसिजर खरोखर सुखाची. त्याहून बरं म्हणजे वेब सर्व्हरच डेटाबेसशेजारी नेणं.

दुसरं कारण सुरक्षितता. नावाच्या रकान्यात एसक्यूएलचा तुकडा लिहून डेटाबेस फसवण्याची युक्ती १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात छापली गेली. आजही निष्काळजी अ‍ॅप तिला बळी पडतात. प्रोसिजरला मूल्यं वेगळी दिली तर हा धोका टळतो, पण पीएचपीत पीडीओ वापरून मूल्यं वेगळी बांधली तरी तितकाच टळतो. आणि प्रोसिजरच्या आत तुकडे जोडून वाक्य तयार केलं आणि ते चालवलं, तर भोक तसंच उघडं.

आता मित्राची बाजू, जी मला जास्त जवळची वाटते. पीएचपीचं कोड गिटमध्ये असतं, कालचं आजचं ताडून पाहता येतं. प्रोसिजर डेटाबेसमध्ये बसलेली असते. कोणीतरी घाईत सर्व्हरवरच तिच्यात बदल करतो आणि दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. म्हणून प्रत्येक प्रोसिजर स्वतंत्र फाइलमध्ये लिहा, ती फाइल गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर फक्त त्या फाइलमधूनच चढवा. मायएसक्यूएलच्या प्रोसिजरमध्ये पायरीपायरीनं चूक शोधणंही कष्टाचं आहे. शिवाय प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळी : ओरॅकलची पीएल/एसक्यूएल, मायक्रोसॉफ्टची टी-एसक्यूएल. एकीत लिहिलेलं दुसरीकडे पुन्हा लिहावं लागतं. आणि मोहगावात उद्या तुमच्या जागी येणाऱ्या मुलाला पीएचपी येत असेल, प्रोसिजर येईलच असं नाही. छोट्या गावात अ‍ॅप सांभाळणारा माणूस एकच असतो, म्हणून हा मुद्दा मी शेवटचा मानत नाही.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. एका धंद्याचा सर्व्हर बसला. रोजचा बॅकअप होता, तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवला. टेबलं आली, ओळी आल्या, मोजणी जुळली. सकाळी पहिली पावती करायला गेलो तर प्रोसिजर सापडेना. एकही आली नव्हती. मायएसक्यूएलचा नेहमीचा डंप ट्रिगर घेतो, पण प्रोसिजर ‘रूटिन्स’ हा पर्याय लावल्याशिवाय घेत नाही. जुन्या लॅपटॉपवरून त्या शोधून चढवल्या, तर पुन्हा नकार, कारण ज्या खात्याच्या नावानं त्या बनल्या होत्या ते खातं नव्या सर्व्हरवर नव्हतं. दुपार झाली आणि गाड्या थांबून राहिल्या. बॅकअप घेणं आणि बॅकअप उतरवून पाहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी त्या दिवशी शिकलो.

प्रोसिजर लिहाल तेव्हा आणखी एक सवय टाळा. हंगामाच्या शेवटी तीनशे कास्तकारांचा हिशोब काढायचा असेल, तर कर्सर उघडून एकेकाला घ्यायचं आणि प्रत्येकासाठी पाच वेळा टेबल वाचायचं, असं नवखे करतात. झाले पंधराशे निरोप. ‘ग्रुप बाय’ लावलेलं एक वाक्य तेच काम एका दमात करतं. हा प्रश्न इतका सर्वत्र आहे की मुंबईत पवईच्या आयआयटीत त्यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं. तुम्ही बीसीएला सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं डेटाबेसचं पुस्तक कदाचित हाताळलं असेल. त्यातले एस. सुदर्शन पवईचे. त्यांनी आणि रवींद्र गुरवण्णवर यांनी २००८ च्या व्हीएलडीबी परिषदेत दाखवलं, की एकेक ओळ घेऊन वारंवार चालणारी प्रोसिजर यंत्रानंच बदलून सगळ्या ओळी एकत्र हाताळणारी करता येते. पवईतच डॉक्टरेट केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. डेटाबेसमध्ये लिहिलेली फंक्शनं मूळ क्वेरीतच विरघळवून टाकण्याचं, ‘फ्रॉइड’ नावाचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये उतरलं. तुमच्या मायएसक्यूएलमध्ये हे नाही, तेव्हा ती काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

माझा कौल असा. पावतीवर युनिक की आणि दिलेल्या रकमेवर चेक कन्स्ट्रेंट आजच लावा. पैसा हलवणारी कामं तीनच : इसार, उचल, शेवटचा चुकारा. त्या तिन्हींच्या प्रोसिजर करा आणि त्या टेबलांवर थेट लिहिण्याचा अधिकार, प्रोसिजरच्या निर्मात्याचं खातं सोडून, बाकी सगळ्या खात्यांकडून काढून घ्या. कॅरेटची मोजणी, गाडीचा नंबर, पावतीची छपाई, दराचा अंदाज, पानांवरची मांडणी हे सगळं पीएचपीतच राहू द्या. ते दर हंगामाला बदलणार आहे, आणि बदलणं तिथे सोपं आहे.

आणि आंबियाची तोड सुरू व्हायच्या आत एक दिवस काढा. बॅकअप ‘रूटिन्स’सकट घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, मग तिथे दोन मोबाइलवरून एकाच कास्तकाराची उचल एकाच वेळी टाकून बघा. काय निघालं ते मला लिहून कळवा.