गणित पवईचं, मोल्ड भांडुपचा

मुलुंड-भांडुप पट्ट्यात प्लास्टिकच्या डब्या-झाकणांचं प्रॉडक्शन प्लॅनिंग करताना ऑपरेशन्स रिसर्चचं, म्हणजे नियोजनाच्या गणिताचं, जे हाती लागलं, ते असं :

1. आधी शॉपफ्लोरवर जा. कम्प्युटरमध्ये मोल्ड बदलायला एक तास लिहिलेला असतो. पण क्रेन एकच, सेटर एकच. दोन मशिनांचे मोल्ड एकदम बदलताच येत नाहीत. हे कुठेही लिहिलेलं नसतं. विचारलं की सेटर म्हणतो, "ते तर सगळ्यांना माहीत आहे, साहेब!" गणितात नेमकं तेच घालायचं असतं.

2. रंगांचा क्रम लावा. पांढऱ्यावरून काळ्यावर चटकन जाता येतं. काळ्यावरून पांढऱ्यावर यायचं तर बॅरल साफ होईपर्यंत माल वाया घालवत बसा. सगळी शहरं कमीत कमी अंतरात कशी फिरायची, हे फिरत्या विक्रेत्याचंच कोडं : शहरांऐवजी रंग, अंतराऐवजी वाया गेलेला वेळ, फक्त जाण्याचं अंतर वेगळं, येण्याचं वेगळं. आठ रंगांचे क्रम होतात 40,320. पण फिक्याकडून गडदकडे जायचं हे ऑपरेटरला आधीच ठाऊक असतं, त्यासाठी सॉफ्टवेअर नको. मधेच अर्जंट ऑर्डर आली की ती कुठे घुसवायची, तिथे गणित खरं उपयोगी पडतं.

3. वायद्याच्या तारखेवरून सेल्सवाल्याशी भांडू नका, भागाकार दाखवा. फ्लोरवर 3,000 पेट्या अर्धवट पडल्यात आणि रोज 500 बाहेर जातात, तर पेटीला सरासरी सहा दिवस लागणारच. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हा भागाकाराचा नियम सिद्ध केला. तीन दिवसांचा वायदा करायचा, तर आधी फ्लोरवरचा माल निम्मा करा.

4. ज्या मशीनवर काम अडतं, त्यालाच ओव्हरटाइम द्या. तिथल्या एका जादा तासाने जेवढा फायदा वाढतो, त्याला शॅडो प्राइस म्हणतात. मोकळ्या मशीनसाठी ती शून्य. मालकांना मात्र मोकळं मशीन बघवत नाही.

5. मोठ्या सॉफ्टवेअरच्या मोहात पडू नका. असे नियोजनाचे प्रश्न सोडवायची डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 ची. 1984 मध्ये बेल लॅब्समध्ये नरेंद्र करमरकरांनी अवाढव्य प्रश्नांसाठी नवी वाट काढली. ते आयआयटी मुंबईचे, म्हणजे आमच्या शेजारच्या पवईचे. याचा अभिमान आहेच. पण आमच्या आकाराच्या कारखान्याला एक्सेलमधला सॉल्व्हर पुरतो.

6. जुनी बंधनं काढून टाका. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, मुलुंड नाक्यावरची जकातीसाठीची ट्रकांची रांग संपली. तरी डिस्पॅचच्या तक्त्यात नाक्यासाठी राखलेले तास पुढेही तसेच चालू होते. भिवंडीच्या गोडाऊनची गाडी त्या हिशेबाने उगाच लवकर भरली जायची. ते तास काढले. सकाळ-संध्याकाळची अवजड वाहनांची बंदी मात्र तक्त्यात हवीच. आणि पावसाळ्याचा तक्ता वेगळा ठेवा. एलबीएस मार्गावर पाणी भरलं की जुलैतला कुर्ला ते भांडुप प्रवास मार्चच्या आकड्यात बसत नाही.