पहिला जावा प्रकल्प आणि आपले नाव

संगणककक्षात जावाचा पहिला पाठ आम्ही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावापासून आरंभतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जगापुढे आणलेल्या या भाषेत अक्षरे युनिकोडमध्ये साठवली जातात. देवनागरी तिला परकी नाही.

प्रथम जेडीके बसवावे. आज्ञावली चालविणारे आभासी यंत्र त्यात असते. एक्लिप्स ही लेखनाची व तपासणीची जागा होय. एक्लिप्समध्ये ‘फाइल’, ‘न्यू’, ‘जावा प्रोजेक्ट’ असे क्रमाने निवडून प्रकल्पास नाव द्यावे. ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये नवा क्लास करताना ‘मेन’ मेथडच्या चौकटीत खूण करावी. आज्ञावली तेथूनच सुरू होते. पब्लिक क्लासचे व फाइलचे नाव तंतोतंत एकच असावे.

एक दक्षता मात्र विसरू नये. फाइलचे एन्कोडिंग जुळले नाही, तर ‘सिद्धार्थ’ या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून प्रकल्पाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ते यूटीएफ-८ ठेवावे. २०२२ च्या जावा १८ पासून जावाने स्वतःही तेच प्रमाण मानले आहे.

ज्या समाजाला एके काळी अक्षरच नाकारले गेले, त्याच्या लेकरांनी धुळ्यातील या कक्षात आपले नाव आपल्या लिपीत, शुद्ध उमटलेले पाहावे, हीच या पाठामागील आमची तळमळ आहे.