सामर्थ्य आणि अमानत : किशोरवयीन मुले व सार्वजनिक व्यायामशाळा



नाशिकच्या अशोक स्तंभापासून आनंदवली-सोमेश्वरकडे जाणारा गंगापूर रोड हा विद्यार्थ्यांचा रस्ता आहे. के.टी.एच.एम. महाविद्यालयात आणि परिसरातील क्लासेसना जुन्या नाशिकमधून, वडाळ्याहून आपलीही मुले येतात. या भागात महिन्याची फी घेणाऱ्या जिम आहेत. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी जवळच कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, आणि महापालिकेने उद्यानांतून उभारलेली ‘ग्रीन जिम’ आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तेथे गेला की कोणी म्हणते, ‘हे मोठ्यांसाठी आहे’. घरी आला की आई-वडील म्हणतात, ‘अभ्यास सोडून हे कशाला?’ मग त्याच्यासाठी उरतो तो रस्त्याचा कठडा आणि हातातला मोबाईल. म्हणून या विषयाकडे दीनच्या प्रकाशात पाहणे गरजेचे आहे.

शरीराचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की, तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे (बुखारी). इबादतीच्या ओघातही जो हक्क विसरता येत नाही, तो परीक्षेच्या गुणांसाठी कसा विसरता येईल? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक आहे. त्यांत आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा.

‘अजून नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

वयाच्या अटीविषयी एक हदीस मोठी मार्गदर्शक आहे. उहुदच्या वेळी हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) चौदा वर्षांचे होते. ते प्रेषितांसमोर (स.) आले, पण त्यांना परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे झाले होते. तेव्हा परवानगी मिळाली (बुखारी, मुस्लिम). येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. मुलाच्या जिवाची काळजी म्हणून मर्यादा घातली गेली, आणि वेळ येताच दार उघडलेही गेले. आपण बहुधा पहिली गोष्ट करतो, दुसरी विसरतो.

व्यायामशाळेतही हाच नियम योग्य आहे. उघड्यावरील यंत्रांवर वयाची वा उंचीची सूचना असल्यास ती पाळावी. पण वजन उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत निराधार आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने, आधी पद्धत शिकून केलेला व्यायाम किशोरांना हितकारक ठरतो. घातक आहेत ती झटपट शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड्स. वाढत्या वयात त्यांमुळे हाडांची वाढ वेळेआधीच थांबू शकते. आपल्या मराठीत आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात. हा शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ शिकवण. शिकवणाऱ्याविना तालीम नाही, हे त्या नावातच आले.

बळ कोणाजवळ शोभते?

दिव्य कुरआनात मदयनच्या प्रसंगी एक मुलगी वडिलांना सुचवते की, हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवावे, कारण बलवान आणि विश्वासू माणूसच त्यासाठी उत्तम (सूरह अल्-कसस : २६). बळ आणि विश्वासूपणा तेथे एकत्र आले आहेत. आरशासमोर दंड न्याहाळण्यापुरते बळ हा दिखावा होय. आजीचे सिलिंडर उचलणारे, दुर्बलाच्या बाजूने उभे राहणारे बळ ही अमानत होय.

मुलांनो, सार्वजनिक साधने ही सर्वांची अमानत आहे. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना प्रेषितांनी (स.) रस्त्याचे हक्क शिकविले. नजर झुकवणे, कोणास त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे हे ते हक्क होत (बुखारी, मुस्लिम). उद्यानातील व्यायामाच्या जागेलाही तेच लागू आहेत. यंत्र अडवून बसू नका, पुढच्याला वाट द्या, सतर झाकणारा पोशाख ठेवा, नमाजची वेळ चुकवू नका.

वडीलधाऱ्यांनो, सभेत इतरांसाठी जागा करून देण्याची आज्ञा (सूरह अल्-मुजादला : ११) आपल्यालाही आहे. जागा अडवणाऱ्या मुलाला शिस्त लावा, पण जागा मागणाऱ्या मुलाला हुसकावू नका.

मुलींचे काय?

हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रवासात प्रेषितांसोबत (स.) धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले (अबू दाऊद). मुलींच्या व्यायामाला आक्षेप घेणाऱ्याने ही हदीस आठवावी. हयेची काळजी असेल तर उपाय घरी कोंडणे हा नव्हे. जिमचालकांकडे स्त्रियांसाठी वेगळी वेळ मागावी. महापालिकेला तसे निवेदन द्यावे. तोवर फजरनंतर आईने मुलीसोबत ट्रॅकवर चालावे.

या आठवड्यात एवढे करा. आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन जवळच्या व्यायामाच्या जागी स्वतः जा. तेथील माणसांशी ओळख करून घ्या, सूचना वाचा, शिकवणारा कोण ते पाहा, आणि तुमच्या मुलाचे वय अजून झाले नसेल तर ‘केव्हा’ याचे उत्तर त्याला द्या.

अल्लाह आमच्या मुला-मुलींना बळ देवो आणि त्या बळाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.