मोटारीच्या धुराची भट्टी

मोटारीचें इंजिन म्हणजे श्वासोच्छ्वास करणारें यंत्रच होय. हवा व पेट्रोलची वाफ आंत घ्यावयाची, ठिणगीनें पेटवावयाची, आणि जळून उरलेले वायु बाहेर टाकावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. आंत घेतलेली हवा जितकी अधिक तितकें पेट्रोल अधिक जळतें, व तितकी शक्तिही अधिक मिळते. पण जुना धूर पुरता बाहेर गेल्यावांचून नव्या हवेस जागा कोठून होणार? विद्यार्थ्यांनीं स्वयंपाकघरांतील फुंकणी प्रथम मोकळी फुंकून पाहावी, नंतर तिच्या तोंडांत कापसाचा बोळा घालून फुंकावी. गालांस जो ताण पडतो तोच इंजिनास पडतो. धुराच्या वाटेंत अडथळा असला कीं, इंजिनाची कांहीं शक्ति केवळ धूर ढकलण्यांतच खर्ची पडते. म्हणून वेगाच्या शौकिनांचा डोळा पहिल्यापासून धुराच्या नळीवर असतो, आणि त्या नळींत बसविलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाच्या डब्यावर त्यांचा विशेष राग आहे. तो काढून सरळ नळी बसविली म्हणजे गाडी वाऱ्यासारखी धांवेल, असें ते म्हणतात. ह्यांत तथ्य किती हें एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणानें पाहूं.

ही गाडी म्हणजे अमेरिकेंतील शेव्हरोले कॉर्व्हेट. १९७४ सालच्या साध्या कॉर्व्हेटची शक्ति १९५ अश्वशक्ति होती. १९७५ सालीं ती १६५ वर आली. दरम्यान झालेला ठळक फरक म्हणजे हाच डबा. पूर्वीं इंजिनाच्या दोन बाजूंचा धूर दोन स्वतंत्र नळ्यांनीं थेट मागें जात असे. आतां त्या दोन्ही नळ्या एकत्र करून एकाच डब्यांत सोडल्या, व पुढें पुन्हां दोन तोंडें काढलीं. त्या काळच्या डब्यांत उत्प्रेरकाचा लेप दिलेल्या बारीक गोळ्या खच्चून भरलेल्या असत. दोन दारांनीं बाहेर पडणारी जत्रा एकाच दारानें, आणि तीही धान्याच्या पोत्यांमधून वाट काढीत जावी, तसा हा प्रकार. मालकांची तक्रार निराधार नव्हती, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. कित्येकांनीं डबा काढून सरळ नळी जोडली, आणि त्यांच्या गाड्यांस थोडाफार जोर आलाही.

तरी सगळा दोष डब्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. ह्याच गाडीच्या साध्या इंजिनाची शक्ति १९७१ सालीं २७० अशी छापली जात असे, आणि १९७२ सालीं २०० अशी. इंजिन बहुतेक तेंच. बदललें तें मोजमाप. पूर्वीं गाडींतील धुराच्या नळ्या वगैरे न जोडतां शक्ति मोजीत, मग तीं सर्व उपकरणें जोडून मोजूं लागले. शिवाय शिशाविरहित, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन चालावें म्हणून आंतील मिश्रण दाबण्याचें प्रमाण १९७१ पासूनच उतरविलें होतें. आंकडे वाचतांना ते कसे मोजले हें आधीं विचारावें, हें गणिताच्या तासास बसणारांस निराळें सांगावयास नको.

आतां हा डबा मुळांत आला कशासाठीं? १९४३ सालीं लॉस एंजलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें विचित्र धुकें उतरूं लागलें. पुढें १९५० नंतर आरी हागेन-स्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, न जळतां सुटलेली पेट्रोलची वाफ आणि नत्रवायूचीं ऑक्साइडें ह्यांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन वायु तयार होतो. उंच आकाशांत तोच ओझोन आपलें रक्षण करतो. जमिनीलगत मात्र तो फुप्फुसांस इजा करतो. ताणलेल्या रबरासही तो भेगा पाडतो, आणि ह्या भेगांवरूनच हागेन-स्मिट त्याचा अंदाज घेत. तिसरा शत्रु कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरतो. दार लावलेल्या गॅरेजांत इंजिन चालूं ठेवून बसणें प्राणघातक ठरतें तें ह्यामुळेंच. पालकांनीं ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

कन्व्हर्टरास पुष्कळ जण चाळणी समजतात. ती चाळणी नव्हे, भट्टी आहे. आजच्या डब्यांत चिनी मातीसारख्या पदार्थाचें, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें छिद्रांचें ठोकळें असतें. एका चौरस इंचांत साधारण ४०० छिद्रें. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या धातूंचा अति पातळ लेप असतो. लग्न जुळविणारा मध्यस्थ दोन्ही घरें एकत्र आणतो व स्वतः होता तसाच राहतो. हे धातुही तसेच. त्यांच्या सान्निध्यांत विषारी वायूचा कर्बवायु होतो, पेट्रोलच्या वाफेचा कर्बवायु व पाणी होतें, आणि नत्रवायूचीं ऑक्साइडें फुटून निरुपद्रवी नत्रवायु सुटतो. मात्र भट्टी सुमारें २५० ते ३०० अंश तापल्यावांचून काम सुरू होत नाहीं.

युजीन हूड्री ह्या फ्रेंच अभियंत्यास १९५६ सालीं अशा डब्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. पण तेव्हां पेट्रोलांत शिसें घालीत, व शिशाचा थर बसला कीं उत्प्रेरक निकामी होई. आधीं शिसें जावें लागलें, मग डबा आला. आपल्याकडे १९९५ सालीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें नव्या पेट्रोल मोटारींस तो सक्तीचा झाला. देशभर शिशाचें पेट्रोल बंद झालें तें २००० सालीं.

गोळ्यांचा डबा जाऊन पोळें आल्यावर वाट पुष्कळ मोकळी झाली. २०२३ सालची कॉर्व्हेट झेड-०६ कन्व्हर्टरसह ६७० अश्वशक्ति देते. अशा गाडीचा डबा काढून पदरांत पडते ती थोडीशी शक्ति व पुष्कळसा गोंगाट. शिवाय आजच्या गाड्यांत डब्याच्या मागेंही प्राणवायु मोजणारें उपकरण असतें; डबा नाहीसा होतांच तें चालकापुढें दिवा लावतें. मग तो दिवा विझविण्यासाठीं गाडीच्या संगणकासही खोटें शिकवावें लागतें! आमच्याकडील तरुण मोटारसायकलीचा मूळ सायलेन्सर काढून भडभडणारी नळी लावतात. नव्या गाड्यांत कन्व्हर्टर पुष्कळदां त्या नळींतच असतो, आणि तोही तिच्याबरोबर भंगारांत जातो, हें त्यांच्या व मिस्त्रीच्याही ध्यानीं नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गाडीच्या मूळ रचनेंत असा फेरफार करण्यास मनाई आहे.

अमेरिकेंत डबा काढण्याची बंदी प्रथम कारखानदार व विक्रेते ह्यांस होती, १९७७ सालीं ती दुरुस्ती करणारांस लागूं झाली, आणि १९९० च्या दुरुस्तीनें खुद्द मालकासही. कॅलिफोर्नियांत १९७५ व त्यापूर्वींच्या पेट्रोल गाड्यांस धुराची नियतकालिक तपासणी माफ आहे. १९७५ ची कॉर्व्हेट त्या सवलतींत नेमकी बसते; तरीही तिचा डबा काढणें तेथें बेकायदेशीरच आहे.