नव्या कार्डाला लागलेली उचकी

अंबडच्या एमआयडीसीत मी गेली १९ वर्षं मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आमच्याकडे चिठ्ठी येते, आणि तिथे गेल्यावर ऑपरेटरला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कालपासून काय बदललं?" हा प्रश्न मी हजारदा तरी विचारला असेल. घरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तो स्वतःला विचारायला मात्र मला २२ दिवस लागले. तेवढ्यात विंडोज फॉरमॅट करून झालं, सोसायटीचा चार महिन्यांचा हिशेब गेला आणि गरज नसलेला एसएमपीएस मी जवळजवळ विकत घेतला.

सेकंड शिफ्ट करून घरी आलं की लगेच झोप लागत नाही. तेव्हा तासभर 'युरो ट्रक सिम्युलेटर २' खेळतो. दिवसभर यंत्रांच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाने रात्री पोलंडच्या हायवेवर ट्रक हाकावा, यात बायकोला काही अर्थ दिसत नाही. मला दिसतो. भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो. त्याच्या आग्रहाखातर 'सायबरपंक २०७७' घेतला, आणि तिथे माझ्या जीटीएक्स १०५० टीआयने हात टेकले. २०१६ सालच्या मॉडेलने आणखी काय करायचं? शेवटी सुट्टीच्या एका दिवशी पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरलो आणि आरटीएक्स ४०६० घेऊन संध्याकाळी परत आलो.

रात्रीच कॅबिनेट उघडलं. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, आठ पिनची वायर लावली. मागे टेबल आणि भिंतीत वीतभर जागा, तिथे चाचपडत एचडीएमआय केबल खोचली. बटण दाबलं तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. दम धरला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण रात्रीचे अकरा वाजलेले, कार्ड परत करायचं तर पुन्हा मुंबईची खेप. मग मी सगळ्यांनाच ठाऊक असलेला उपाय केला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या आणि परत बसवल्या. तरी काही नाही. बोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी काढली, पाच मिनिटांनी लावली. तरीही नाही. तेवढ्यात भाचा टॉर्च घेऊन मागे वाकला आणि म्हणाला, "मामा, केबल कार्डाला कुठे लावलीयस? बोर्डाला लावलीयस तू."

माझा प्रोसेसर रायझन ५ ३६००. त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे बोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टातून चित्र यायची सोयच नाही. केबल खाली कार्डात लावली आणि लगेच डिस्प्ले आला. आम्ही हसलो, कॅबिनेटचं झाकण लावलं. ब्राउझर एकही साइट उघडेना, कारण घड्याळ काही वर्षं मागे गेलं होतं. तारीख दुरुस्त केली आणि विसरलो. बिघाडाने स्वतःहून दिलेली ती पहिली खूण होती. मी ती पुसून टाकली.

नव्या कार्डावर आकडे झकास येत होते. सायबरपंकमध्ये कोपऱ्यात सेकंदाला ७८-८० फ्रेम. पण खेळताना दर थोड्या वेळाने चित्र अडखळायचं. गाडी वळली की धक्का, गर्दीच्या चौकात धक्का. ट्रक सिम्युलेटरमध्ये शहरात शिरलं की तेच. उचकी लागलेला माणूस बोलत असतो तसं सगळं चालू होतं, पण नीट नव्हतं. भाचा म्हणे, "एटी एफपीएस आहेत की, काय प्रॉब्लेम आहे?"

प्रॉब्लेम सरासरीत होता. हंगामाच्या शेवटी पाऊस सरासरीइतका पडल्याचं छापून येतं, आणि मधल्या २५ दिवसांच्या खंडात सोयाबीन करपलेलं असतं. एफपीएसचं तसंच आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. त्यातली एखादी फ्रेम ९० मिलिसेकंद अडकली तर सरासरी जेमतेम हलते, डोळ्याला मात्र ठेच लागते. म्हणून कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघू नका, फ्रेमटाइमचा आलेख बघा. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्यात तो दिसतो. सोबत 'वन पर्सेंट लो' हा आकडाही लावा : सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा वेग. माझी सरासरी ७८ होती आणि हा आकडा २४. जुन्या कार्डावर तो किती होता, हे मला कधीच कळणार नाही, कारण कार्ड काढण्यापूर्वी मी काहीच मोजलं नव्हतं. सायबरपंकमध्ये बेंचमार्क आतच दिलेला आहे. पाच मिनिटांचं काम होतं.

पहिला संशय ड्रायव्हरवर, आणि तो रास्त होता. नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर मुळापासून उपटला, कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला नवा टाकला. नेट बंद ठेवायचं कारण असं की नाहीतर विंडोज मधल्यामध्ये आपल्या मनाने एखादा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. कार्ड बदललं की हे करावंच, विशेषतः एका कंपनीच्या कार्डावरून दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर जाताना. माझी उचकी मात्र गेली नाही.

मग मी विंडोज फॉरमॅट केलं. याचं समर्थन माझ्याकडे नाही. कारखान्यात सेन्सर बिघडला म्हणून कोणी पूर्ण लाइन उचकटायला निघालं तर मी त्याला हाकलून देईन. मी सोसायटीचा खजिनदार, हिशेबाची एक्सेल शीट डेस्कटॉपवर, आणि बॅकअप घेताना 'डॉक्युमेंट्स' घेतलं, डेस्कटॉप राहिला. पुढचे दोन रविवार पावतीपुस्तकांवरून मेंटेनन्सच्या नोंदी पुन्हा टाकण्यात गेले. उचकी तशीच.

तिसऱ्या आठवड्यात मशीन इथल्याच एका दुकानात नेलं. तिथल्या माणसाने झाकण न उघडता निदान केलं : "एसएमपीएस कमी पडतोय साहेब, ७५० वॅटचा टाका." मी पैसे काढायच्या बेतात होतो. मग दुचाकीपाशी उभा राहून हिशेब केला. कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर पुरता ताणला तरी ९०च्या आसपास, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ५० धरा. माझा एसएमपीएस ५५० वॅटचा. शिवाय एसएमपीएस कमी पडला तर मशीन खेळता खेळता बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, उचक्या देत बसत नाही. मशीन उचललं आणि घरी आलो.

उलगडा कारखान्यात झाला. एका अ‍ॅप्रेंटिसने कन्व्हेयरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर बदलला होता आणि तेव्हापासून कन्व्हेयर झटके देत होता. पोरगा तीन सेन्सर बदलून बसलेला. मी विचारलं, "सेन्सर बदलताना अजून कशाकशाला हात लावलास?" तो म्हणाला, हात पुरत नव्हता म्हणून शेजारचा कनेक्टर काढून परत लावला. कनेक्टर अर्धवट बसला होता. त्याला दोन शब्द सुनावण्यासाठी तोंड उघडलं आणि मला खोडरबर आठवलं.

घरी आल्यावर टास्क मॅनेजर उघडलं. परफॉर्मन्स, मेमरी. वेग : २१३३. माझी रॅम ३२०० ची. बॅटरी काढल्यामुळे बायॉसच्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या होत्या, त्यात एक्सएमपीही गेलं. रॅम पाकिटावरच्या वेगाने आपोआप चालत नाही, बायॉसमध्ये ते प्रोफाइल चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर एक्स्पो. घड्याळ मागे गेलं ते याच बॅटरीमुळे. मग सीपीयू-झेड टाकून पाहिलं तर चॅनल 'सिंगल'. (त्यात मेमरीचा वेग निम्मा दिसतो, १०६६ वगैरे. घाबरू नका, डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो.) झाकण उघडलं. दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात, तरच दोन्ही चॅनल चालतात. त्या रात्री घाईत मी त्या जिथे हात गेला तिथे बसवल्या होत्या.

नुकसान किती, ते कागदावर मांडलं. ३२०० ची रॅम, दोन चॅनल : सेकंदाला ५१.२ जीबी. २१३३ ची, एक चॅनल : १७ जीबी. म्हणजे प्रोसेसरला मिळणारा पुरवठा एक तृतीयांशावर आला होता. त्यात रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाटही रॅमच्या वेगाशी बांधलेली, तीही मंदावली. कार्ड कितीतरी जास्त ताकदीचं आणलं आणि त्याला काम पुरवणाऱ्याचा गळा मीच आवळला. कार्ड बिचारं बसून होतं. त्याचा वापर ५५-६० टक्के दिसत होता आणि मी त्याचा अर्थ 'अजून दम आहे' असा लावत होतो. वापर कमी आणि तरी धक्के, म्हणजे कार्ड कुणाची तरी वाट बघतंय.

पट्ट्या जागेवर बसवल्या, एक्सएमपी चालू केलं. तोच बेंचमार्क : सरासरी १०२, वन पर्सेंट लो ६३.

तुमचा रोग माझाच असेल असं नाही. पण गोळी घेण्याआधी उचकी कधी लागते ते बघा, त्यावरून निम्मा संशय फिटतो. एखाद्या जागी पहिल्यांदा गेल्यावर धक्का बसतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी बसत नाही, तर ते शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होणं आहे. नव्या कार्डाला जुने तयार शेडर चालत नाहीत, सगळे नव्याने बनतात, विशेषतः डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये. दोनचार तास खेळा आणि गप्प राहा. या काळात रोज ड्रायव्हर बदलणारे लोक शेडर रोज पुन्हा बनवत बसतात. पहिली वीस मिनिटं ठीक आणि मग बिघडतं, तर उष्णता : तापमान बघा, धूळ काढा, झाकण उघडून खेळून बघा. ठरावीक सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखा धक्का येतो, तर मागे चालणारा एखादा प्रोग्रॅम. रंगीत दिवे सांभाळणारी सॉफ्टवेअरं यात पुढे असतात आणि ती मला मुळातच आवडत नाहीत, तेव्हा माझं मत जरा बेतानं घ्या. नवा भाग उघडताना अडतं आणि गेम जुन्या हार्डडिस्कवर आहे, तर तो एसएसडीवर हलवा. फ्रेमटाइमचा आलेख सरळ आहे आणि तरीही डोळ्याला खुपतंय, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये बघा : १४४ हर्ट्झचा मॉनिटर कार्ड बदलल्यावर मुकाट ६० वर बसलेला असतो.

टेक्स्चर 'अल्ट्रा' केल्यावरच अडतं, तर कार्डाची मेमरी भरतेय. हे ४०६० वाल्यांनी नीट वाचावं. या कार्डाला मेमरी ८ जीबी. ती भरली की जास्तीचा माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातो आणि पीसीआय-एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. पण हे कार्ड १६ ऐवजी ८ लेनचं आहे, आणि माझ्यासारख्या पीसीआय-एक्स्प्रेस ३.० बोर्डावर ती वाट सेकंदाला जेमतेम ८ जीबीची. समृद्धी महामार्गावरून उतरून गल्लीत शिरण्यातला प्रकार. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. चित्रात पडलेला फरक मला तरी दिसला नाही.

आणि प्रोसेसरच जुना असेल, तर रॅम नीट करूनही थोडी उचकी राहील. माझीही राहिली. ट्रक सिम्युलेटर मोठ्या शहरात अजून जरा अडखळतो. त्यावर फ्रेमची मर्यादा ६० ला बांधली. प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि गाडी सरळ चालू लागली. १०० फ्रेम धक्के खात बघण्यापेक्षा ६० सारख्या बघणं बरं, या मुद्द्यावर भाच्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

तुम्ही या रविवारी कार्ड बदलणार असाल, तर स्क्रू काढण्यापूर्वी मोबाइलवर तीन फोटो काढून ठेवा : रॅमच्या स्लॉटचा, बायॉसच्या मेमरीच्या पानाचा आणि जुन्या कार्डावरच्या बेंचमार्कच्या निकालाचा. आणि स्क्रीन काळी राहिली, तर खोडरबर शोधण्याआधी टॉर्च घेऊन मागे वाका.